टोल माफ, तिकीट दुप्पट

हवामान बदलतंय हे नाकारणारा माणूस मला मुंबईत अजून भेटलेला नाही. रिक्षावाले, सोसायटीचे सेक्रेटरी, मासळीबाजारातल्या मावशी, कॉलेजात जाणारी माझी भाची, सगळे एकच सांगतात: पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, उन्हाळा सोसवत नाही. सत्ताधारी आणि विरोधक टीव्हीवर एरवी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, पण पर्यावरण वाचलं पाहिजे म्हटलं की दोघेही मान डोलावतात.

मला या एकमताची काळजी वाटते. त्यासाठी कुणाला खिशात हात घालावा लागत नाही, कुणाला आपली सोय सोडावी लागत नाही. खरं भांडण पुढे आहे. बदल होतोय हे मान्य, मग खर्च कुणी उचलायचा? पाणी कुणाच्या घरात शिरू द्यायचं? आणि हे ठरवताना खोलीत कोण बसलेलं असेल? या प्रश्नांपाशी आलो की एकमत विरतं आणि कुणीतरी घाईने विषय बदलतं.

13 मार्च 2022 ला मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. 2050 पर्यंत शहराचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, असं त्याचं उद्दिष्ट. देशाने ग्लासगोच्या परिषदेत 2070 साल सांगितलं होतं, म्हणजे मुंबईने स्वतःला वीस वर्षं आधीची तारीख घालून घेतली. मी तो आराखडा बसून वाचला आणि मला तो आवडला. पूर, उष्णता, हवा, कचरा, वाहतूक, वीज अशा सगळ्यांचा त्यात विचार आहे, आणि शहराच्या कुठल्या भागाला धोका जास्त हेही त्यात शोधलेलं आहे. काम करणाऱ्यांनी मन लावून केलंय हे वाचताना कळतं.

पण त्याच्या सहाच दिवस आधी, 7 मार्च 2022 ला, महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली होती. पुढे जवळपास चार वर्षं पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. सव्वा कोटी माणसांच्या शहराने पुढच्या अठ्ठावीस वर्षांची दिशा ठरवली, आणि त्यावर उभं राहून ‘माझ्या वॉर्डाचं काय?’ असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या काळात सभागृहात नव्हता. नगरसेवकांबद्दल लोकांच्या तक्रारी असतात, माझ्याही आहेत. तरी गटार तुंबलं की ज्याच्या दारात जाता येतं तो माणूस नसणं म्हणजे काय, हे त्या चार पावसाळ्यांत आम्ही पाहिलं.

हवामानाचं राजकारण मुंबईत हवामानाच्या नावाने फारसं होतच नाही. ते नालेसफाईच्या निविदेत होतं, बसच्या भाड्यात होतं, पुलाच्या दोन खांबांमधल्या अंतरात होतं.

नालेसफाईचंच घ्या. वर्षभरात काढायच्या गाळापैकी सुमारे 80 टक्के गाळ पावसाळ्याआधी काढायचा आणि ते काम 31 मेपर्यंत संपवायचं, हा पालिकेचा नेहमीचा शिरस्ता. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 11 जून, त्यामुळे हा हिशोब इतकी वर्षं जमून गेला. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल झाला. नोंदी आहेत तेव्हापासून इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला. त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. ते स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

त्या दिवशी चर्चा झाली ती कंत्राटदार कोण आणि सत्ता कुणाची याची. ती व्हायलाच हवी होती. मिठी नदीचा गाळ काढण्याच्या कामात 65 कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा त्याच महिन्यात दाखल झाला होता, त्यामुळे लोकांचा राग अनाठायी नव्हता. पण भ्रष्टाचाराचा एक रुपया नसता, प्रत्येक कंत्राटदाराने इमानाने काम केलं असतं, तरी 26 मे रोजी नाले पुरते साफ नसतेच, कारण मुदतच 31 मेची होती. हवामान पुढे निघून गेलं आणि निविदेतली तारीख मागेच राहिली. यावर तेव्हा कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

पाण्याचं राजकारण मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, मी कुर्ल्यात वाढले. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरही पडला नव्हता. म्हणजे मंत्रालय, पालिकेचं मुख्यालय आणि शेअर बाजार जिथे आहेत तिथे पावसाळ्यातला एक साधा दिवस होता, आणि कालिना, कुर्ला, साकीनाका पाण्याखाली होतं. बाबांची बस लालबहादूर शास्त्री मार्गावर अडकली. डबलडेकर होती म्हणून माणसं वाचली. खालच्या मजल्यावर पाणी चढलं तसं त्यांनी सगळ्यांना वर घेतलं. रात्रभर त्या वरच्या मजल्यावर अनोळखी माणसं एकमेकांना टेकून बसली होती. कुणाच्या डब्यातली पोळी, कुणाच्या पिशवीतली बिस्किटं फिरत होती. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले तेव्हा तिकिटांची पेटी त्यांनी छातीशी धरलेली होती. आई त्यांना बघून काही बोललीच नाही, आधी पाणी तापवायला गेली.

त्यानंतर पुराची कारणं शोधायला चितळे समिती नेमली गेली. पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेचा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल 1993 पासून पडून होता, त्याला 2005 नंतर वेग आला. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या, त्यांची क्षमता ताशी 50 मिलिमीटरवर न्यायचं ठरलं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं झाली. त्यांचा फायदा झाला, हे मी स्वतः बघितलंय. पण भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर जाते आणि पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. तासाभरात 100 मिलिमीटर कोसळला आणि वर भरती असली की 50 मिलिमीटरचं गणित कागदावरच राहतं.

बाबा आता निवृत्त आहेत. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मे 2025 मध्ये बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं, वातानुकूलित गाडीचं सहाचं बारा. ती बातमी वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ज्या गाडीत एक माणूस बसतो तिला टोल माफ, आणि ज्या गाडीत साठ माणसं उभी राहतात तिचं तिकीट दुप्पट.”

माझ्या मते गेल्या काही वर्षांत मुंबईत झालेले हवामानविषयक सगळ्यात मोठे निर्णय हे दोन. ते पर्यावरण खात्याने घेतले नाहीत, त्यावर कुणी हरकती-सूचना मागवल्या नाहीत, आणि टोलमाफीच्या किंवा भाडेवाढीच्या बातमीत कार्बन हा शब्द मला कुठे दिसला नाही. आराखडा सांगतो की सार्वजनिक वाहतूक वाढवा, बस विजेवर आणा. विजेवरच्या बस येतायत हे खरं. पण एकेकाळी बेस्टकडे स्वतःच्या 4,000 हून जास्त गाड्या होत्या. आज तिच्या मालकीच्या गाड्या शेकड्यांत मोजाव्या लागतात, बाकीच्या कंत्राटदारांच्या. थांब्यावर अर्धा तास उभं राहिल्यावर बस डिझेलची आली की विजेची, हे कुणी बघत नाही. माणूस शेअर रिक्षात बसतो आणि जरा पैसे जमले की हप्त्यावर दुचाकी घेतो. मग एका मोटरसायकलीची भर कुठल्यातरी तक्त्यात पडते आणि तज्ज्ञ म्हणतात, लोकांना सवयी बदलायला सांगा.

कोस्टल रोडवर सुमारे 14,000 कोटी रुपये खर्च झाले. लांबी 10.58 किलोमीटर. त्यावर टोल नाही, आणि दुचाकी-रिक्षांना तिथे बंदी आहे. पंगतीत वाढपी पहिल्या चार पानांवरच पुन्हा पुन्हा वाढत राहावा आणि शेवटच्या पानापर्यंत भांडं रिकामं व्हावं, तसा या शहरात रस्त्यांचा पैसा वाढला जातो.

यातली विसंगती मला जास्त लागते, कारण जगाच्या व्यासपीठावर भारत जी बाजू मांडतो ती मला शंभर टक्के पटते. 1992 च्या रिओ परिषदेपासून आपण सांगत आलोय की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे 2 टन. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली त्यांनी आधी खर्च उचलावा, गरिबाच्या चुलीवर बोट ठेवू नये. हे म्हणणं न्याय्य आहे, आणि आपले प्रतिनिधी ते ठामपणे मांडतात तेव्हा मला बरं वाटतं.

मग तोच न्याय दिल्लीच्या विमानातून उतरून मुंबईत यायला हवा. मलबार हिलवरचं एक कुटुंब आणि मानखुर्दमधलं एक कुटुंब यांची जबाबदारी सारखी कशी असेल? जो सिद्धांत आपण वॉशिंग्टनला ऐकवतो, तो मानखुर्द ज्यात येतं त्या ‘एम पूर्व’ वॉर्डात लागू झाला तर टोल, भाडं, पाणीपट्टी, पुनर्वसन सगळ्याचेच निर्णय वेगळे होतील.

उदाहरण पावाचं. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचा त्रास खरा आहे. भट्टीच्या वर राहणाऱ्या घरातल्या पोराला दमा असतो, आणि भट्टीसमोर उभा राहणारा कामगार तर दिवसभर तोच धूर खातो. निर्णयाला माझा विरोध नाही. पण आमच्या नाक्यावरचे बेकरीवाले चाचा मला म्हणाले, “ताई, आमचा धूर दिसतो, म्हणून आम्ही सापडतो.” भट्टी बदलायला पैसा लागतो, जागा लागते, गॅसची जोडणी लागते. तिकडे ट्रॉम्बेचा 500 मेगावॅटचा कोळशावरचा संच अजून चालू आहे, कारण शहराची विजेची मागणी वाढते आहे. आणि ती मागणी लादीपावाच्या भट्टीने वाढवलेली नाही.

वरळी कोळीवाड्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे.

कोस्टल रोड सी लिंकला जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी समुद्रात खांब येणार होते. दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर. बोट जाऊ शकते, मग हरकत काय, असं पालिकेचं म्हणणं. मच्छीमार म्हणत होते, शांत पाण्यात जाईल हो, पण उधाणात? लाट बाजूने आली की बोट आडवी होते, वाऱ्याने सरकते, परत येताना अंधार असतो. त्या वेळी रुंदी बोटीच्या मापाने मोजून चालत नाही, लाटेच्या मापाने मोजावी लागते. त्यांनी 160 मीटर मागितले. त्यांचं ऐकून घेतलं जात नव्हतं. मग ते बोटी घेऊन कामाच्या जागी गेले आणि काम अडवून धरलं. मोर्चे झाले, बैठका झाल्या. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये एक खांब कमी करून अंतर 120 मीटर करण्याचं सरकारने मान्य केलं.

त्या काळात अनेक सुशिक्षित घरांतून मी ऐकलं की मूठभर लोक शहराचा विकास अडवतायत. कोळीवाडा म्हणजे मूठभर लोक नव्हेत. जागतिक तापमानवाढीवरच्या अहवालांतही म्हटलं जातं की समुद्र जास्त खवळेल, वादळं वाढतील. याचा अर्थ पुढच्या पन्नास वर्षांत त्या खांबांमधून बोट काढणं आजच्यापेक्षा अवघड होत जाणार. भविष्यातल्या समुद्राचा विचार या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आधी कोळ्यांनीच केला. त्यांच्याकडे त्याचा तक्ता नव्हता. पण त्यांचं म्हणणं पहिल्याच बैठकीत नीट ऐकलं गेलं असतं तर कामही थांबलं नसतं.

त्यांच्यावर ओझं तरी किती बाजूंनी यावं? मे महिना बोंबील वाळवण्याचा. जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवर, जेवढं वाळेल तेवढ्यावर पावसाळा काढायचा. मेमध्येच पाऊस आला की वाळत घातलेला माल कुजतो. आमच्या बाजारातल्या मावशींनी 2025 च्या जूनमध्ये सुके बोंबील आणलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, “पोरी, ह्या वर्षी ऊनच नाय मिळालं.” शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा तरी होतो. वलांडीवरच्या मासळीला त्याच तत्परतेने भरपाई का मिळू नये?

आरेच्या जंगलातल्या मेट्रो कारशेडबद्दल मी मैत्रिणींशी खूप भांडले आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना हवामानाचंच नाव होतं. एक म्हणायची मेट्रो झाली की गाड्या कमी होतील, झाडांपेक्षा जास्त कार्बन वाचेल. दुसरी म्हणायची मेट्रो हवीच, पण कारशेड तिथेच का? 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत, परवानगी मिळालेल्या 2,185 पैकी 2,141 झाडं कापून झाली होती. पुढे सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला गेली. पुन्हा सरकार बदललं, ती आरेत परत आली. आज तिथून मेट्रो धावते, मीही तिने जाते आणि ती सुंदर आहे. तरी त्या रात्रीबद्दल माझं मत बदललेलं नाही. निकालावर वरच्या न्यायालयात दाद मागायला लोकांना दोन दिवस मिळू नयेत म्हणून अंधारात झाडं पाडणं, याचं समर्थन कार्बनच्या कुठल्याही हिशोबाने होत नाही. प्रकल्प योग्य असेल तर त्याला उजेडात उभं राहता आलं पाहिजे.

उजेडाचा हा मुद्दा मुंबईपुरता नाही. मार्च 2020 मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायचं सुचवलं होतं. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने जूनमध्ये तो इतर भारतीय भाषांतही द्यायला सांगितलं. रायगडातल्या किंवा पालघरमधल्या ज्या गावात प्रकल्प येणार, तिथल्या माणसाला स्वतःच्या भाषेत हरकत घेता यावी, एवढी साधी गोष्ट न्यायालयात जाऊन मागावी लागली. लाखो हरकती गेल्या, आणि तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. आधी बांधा, परवानगी नंतर घ्या, या पद्धतीवरही लढाई चालूच आहे. मुंबईच्याच वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2025 ला अशी मागाहूनची परवानगी बेकायदा ठरवली आणि 18 नोव्हेंबर 2025 ला दोन विरुद्ध एक मताने तोच निकाल मागे घेतला.

आणि उष्णता. खारघरला 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 माणसं गेली. मंचावर छप्पर होतं, समोर बसलेली माणसं भर दुपारी उन्हात होती. आठवडाभर आरोप-प्रत्यारोप झाले. मग ती माणसं चर्चेतून गेली. पुरात गेलेल्या माणसांची आठवण दरवर्षी 26 जुलैला निघते, उन्हाने गेलेल्यांची कुठलीच तारीख लोकांच्या लक्षात नाही.

आता पालिकेत पुन्हा नगरसेवक आहेत. प्रचारात आमच्या गल्लीत आलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारलं होतं: नालेसफाईची मुदत 31 मेवरून मागे आणणार का? एकाने लिहून घेतलं, एकाने हसून हात जोडले, एकाच्या कार्यकर्त्याने मला विचारलं की तुमच्या घरासमोरचा नाला तुंबलाय का. त्याचा प्रश्न मला आवडला. निदान तो नाल्यापर्यंत पोचला.

निकालानंतर मी आणि बाबांनी मिळून वॉर्डाच्या नावे पत्र लिहिलं. नालेसफाईची मुदत 30 एप्रिल करावी. बेस्टचं भाडं वाढवण्याआधी प्रत्येक प्रभागात सुनावणी व्हावी. आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार रस्त्याचं काम करणाऱ्यांना सावली आणि पाणी देणं कंत्राटातच लिहावं. हवामान आराखड्याचा आमच्या वॉर्डापुरता भाग मराठीत छापून वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावा, आणि वर्षातून एकदा त्यावर जाहीर सभा घ्यावी. बाबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: लालबहादूर शास्त्री मार्गावर गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांना बस हवी. पत्राची पोच मिळाली आहे. सभेची तारीख ठरली की इथेच लिहीन, कुर्ल्यात राहणाऱ्यांनी यायचं आहे.